माजघरातला तापता ओटा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात लाकडाची शेगडी बांधतानाच्या नोंदी

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचा फराळ संपला, आता कामाला लागायचं.

जागा: जनकगंजच्या मागच्या बाजूचा आमचा जुना वाडा, तळमजल्यावरचं आईचं माजघर. लांबी १४ फूट, रुंदी १२, उंची १३. भिंती दोन फुटी, छत दगडी पट्ट्यांचं. मे महिन्यात ग्वाल्हेर भाजून निघत असताना ही खोली देवासारखी वाटते आणि त्याच गुणापायी जानेवारीत तिथे बसवत नाही. गेल्या जानेवारीत पहाटे माझ्या थर्मामीटरवर बाहेर ४ अंश होते, माजघरात ९. आई ७८ वर्षांची आहे. दोन रजया, कानटोपी आणि पायात मुलांचे फुटबॉलचे मोजे, असा तिचा मुक्काम असतो.

विजेचा हीटर का नाही, हे सगळे विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. वाड्याचं वायरिंग आजोबांच्या काळातलं. दोन हजार वॉटचा हीटर लावला की स्विच गरम होतो, वास येतो. धुक्याच्या दिवसांत गल्लीतलं व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट लागत नाही. नवीन वायरिंगचा अंदाज ४०,००० रुपये आला. ते कधीतरी करावं लागेलच, पण या थंडीत नाही.

गुरसी का नाही? इकडे घरोघर असते, पसरट भांड्यात निखारे. अंगणात छान. बंद खोलीत गुरसी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी इकडच्या पेपरात दर हिवाळ्यात येते. त्यामुळे पहिली अट: धूर आणि निखाऱ्याचा वायू नळीतून बाहेर गेला पाहिजे.

ठरवलं ते असं. अमेरिकेत ओरेगनमधल्या अप्रोवेचो संस्थेत १९८० च्या दशकात डॉ. लॅरी विनिआर्स्की यांनी जी ‘रॉकेट’ चूल बसवली, तिचाच मोठा अवतार. लाकूड उभं घालायचं, ज्वाळा आडव्या बोगद्यातून उभ्या विटांच्या नळीत चढते, नळीवर उपडा ड्रम, ड्रममधून खाली उतरलेला गरम धूर ओट्यात पुरलेल्या पाइपातून फिरून मग चिमणीत. आपल्या बंबाचाच चुलतभाऊ म्हणा. बंबात धुराची नळी पाण्यातून जाते, इथे मातीतून. आईला हे सांगितल्यावर तिची पहिली शंका: “म्हणजे तांब्याचा बंब कापणार तू?” नाही कापणार.

१४ फूट लांब, १३ फूट उंच खोलीतली हवा तापवायची स्वप्नं मी पाहत नाही. गरम हवा सरळ वरच्या पट्ट्यांना जाऊन चिकटणार. मला आई बसते ती जागा तापवायची आहे. ६ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच ओटा. खाली जमिनीवर फरशी आहे, त्यामुळे टनभर वजनाची काळजी नाही. वरच्या मजल्यावर हा उद्योग कोणी करू नये.

१६ नोव्हेंबर

लोहिया बाजाराच्या मागे कबाड्याकडून २०० लिटरचा ड्रम, ७०० रुपये. ड्रमात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. थिनरचा, केमिकलचा ड्रम रिकामा झाला तरी आत वाफ राहते आणि कटर लावताच फुटतो. आमचा मुरैन्याच्या सरसोंच्या तेलाचा निघाला. खात्री करायला बोलावंच लागलं नाही, नाक पुरलं. झाकणाची दोन्ही बुचं काढून, पाणी भरून, ओतून मग वेल्डरकडून एक बाजू कापून घेतली.

ड्रमवरचा रंग घरात जाळायचा नसतो, आधीच बाहेर जाळून टाकायचा. अंगणात गोवऱ्या रचून त्यावर ड्रम पालथा घातला. चार तास. शेजारच्या काकूंनी गच्चीवर मटाराच्या वड्या वाळत घातल्या होत्या हे मला धूर गेल्यावर कळलं. वड्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, दोन दिवस बोलल्याही नाहीत. रंग जाळायच्या आधी आजूबाजूच्या गच्च्या बघा. नंतर तारेच्या ब्रशनं घासून वर जवसाच्या तेलाचा हात मारला.

१७ नोव्हेंबर

या रविवारचा मूर्खपणा सविस्तर लिहिते.

आतली उभी नळी विटांची करायची होती. पण ‘आधी तत्त्व तपासून बघू’ म्हणून ३५० रुपयांचा जीआय पाइपचा तुकडा आणला आणि अंगणात विटांवर उभा करून पेटवलं. आवाज अगदी वर्णनात असतो तसा, घर्रर्र. मी खूश. दहा मिनिटांनी पाइपाच्या तोंडातून पांढरा दाट धूर आणि आत पिठासारखी पांढरी पूड. मी वाकून वाकून बघत होते.

संध्याकाळी तोंडाला धातूची चव. रात्री हुडहुडी भरून ताप, अंग ठेचल्यासारखं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, आणि या नळीच्या पोटात तितका जाळ सहज होतो. वेल्डर लोकांना हा ताप नेहमीचा. आमच्या वेल्डरनं फोनवर “दीदी, गुड़ खा लो, दूध पी लो” सांगितलं. डॉक्टरांनी गूळ-दुधाला हसून, छाती तपासून, आराम करायला सांगितलं. एका दिवसात उतरला, पण सोमवारची शाळा बुडाली.

जीआय पत्रा जाळाच्या जवळपास कुठेही नको. चिमणीच्या थंड टोकाला चालतो. साधी लोखंडी नळीही आत टिकत नाही, थोड्या दिवसांत पापुद्रे सुटतात. आत फक्त फायर ब्रिक, म्हणजे जाळ सोसणारी वीट.

२४ नोव्हेंबर

४६ फायर ब्रिक, ४८ रुपयांना एक. एकूण २,२०८. फायर क्ले ६४०. मिस्त्री आणि मजूर, दिवसाचे १,३००.

विटेचं माप ९ × साडेचार × ३ इंच. ती कडेवर उभी ठेवून चार विटा एकमेकींच्या शेपटीला तोंड लावून भिंगरीसारख्या मांडल्या की मध्ये बरोबर ६ × ६ चं भोक राहतं. एकही वीट कापावी लागत नाही. एका थराला ४ विटा, सात थर, २८ विटा. उरलेल्या १८ लाकूड घालायच्या तोंडाला आणि बोगद्याला. हे गणित मला सुचलं तेव्हा वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा मी जास्त नाचले.

काल मी शाळेत असताना मिस्त्रीनं फायर क्लेची पोती बाजूला ठेवून सगळे थर सिमेंटमध्ये लावले, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या सांध्यांनी. “दीदी, मिट्टी से मजबूती नहीं आती.” मला संध्याकाळी ते दिसलं. बदलायला हवं होतं. ‘जाऊ दे, बघू’ म्हटलं. हे ‘बघू’ मला दोन आठवड्यांत १,३०० रुपयांना पडलं.

१ डिसेंबर

घरातला पहिला जाळ. वीस मिनिटांत माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. लाकूड घालायच्या तोंडातूनच धूर उलटा येत होता, ज्वाळाही एकदा वर चढली. आईला अंगणात खुर्ची टाकून बसवलं. दत्ताच्या तसबिरीवर काजळी. दादाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला तो नेमका तेव्हाच. त्याचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

८ डिसेंबर

आठवडाभर वहीत आकडे मांडले. चूक एक नव्हती, चार होत्या, आणि त्यातल्या तीन माझ्या.

एक. पैसे वाचवायला ओट्यातला आणि चिमणीचा पाइप ४ इंची घेतला होता, बाजारात तयार मिळाला म्हणून. १,१५० रुपये. ४ इंची गोल पाइपचं तोंड साडेबारा चौरस इंच, ६ इंचीचं २८. नळीचं भोक ३६. म्हणजे मारुती मंदिरातली आरतीची गर्दी एका खिडकीतून बाहेर काढायला निघाले होते मी.

दोन. सिमेंटचे जाड सांधे. त्यामुळे नळी साडेतीन इंच जास्त चढली आणि नळीचं तोंड नि ड्रमचं छत यात फक्त १ इंच उरला. धूर नळीतून वर येऊन चारी कडांनी खाली वळतो. कड २४ इंच, गुणिले १ इंच, २४ चौरस इंच. ६ इंची पाइपापेक्षाही कमी. तिथे किमान दीड-दोन इंच हवेत.

तीन. चिमणी खिडकीतून काढून चार फूट वर नेऊन सोडली होती, गच्चीच्या कठड्याच्या खालीच. वारा कठड्यावर आपटून खाली वळतो आणि धूर परत ढकलतो.

चार. ओलं लाकूड. याच्याविषयी पुढे.

नळी उकलली. एका आठवड्यात, एकाच जाळानं, आतल्या बाजूचं सिमेंट नखानं खरवडून निघत होतं. विटा सुट्या करायला त्रासच झाला नाही, तेवढाच फायदा. या वेळी मी मिस्त्रीच्या शेजारी पाट टाकून बसले. फायर क्ले ताकासारखी पातळ कालवायची, वीट पाण्यात बुडवायची, मग त्या ताकात बुडवून ठेवायची आणि दाबायची. सांधा जेमतेम दिसतो. आता वर पुरेशी जागा आहे. विटांच्या चौकोनाभोवती १८ इंच व्यासाचा साध्या लोखंडी पत्र्याचा दंडगोल लावून मधल्या खाचेत चाळलेली राख ठासून भरली, उष्णता नळीतच राहावी म्हणून. राख टालवाल्याकडून (टाल म्हणजे लाकडाची वखार) फुकट, पोतं माझं.

मिस्त्री जाताना म्हणाला, “मिट्टी ही ठीक थी.” हो का.

१४ डिसेंबर

दत्तजयंती. घरात तीस माणसं, माजघर मोकळं हवं. अर्धवट शेगडीवर चादर टाकून त्यावर प्रसादाची ताटं मांडली. काम शून्य.

१५ डिसेंबर

६ इंची पाइप पत्रेवाल्याकडून करून घेतला. ओट्यात जाऊन परत येणारा १२ फूट, चिमणीचा २१ फूट, कोपऱ्यांना चार ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचे जोड. सगळे मिळून ४,३००. कोपऱ्याला साधा एल्बो न घेता टी घ्यायचा, एका तोंडाला झाकण. तिथून हात घालून राख काढता येते. ही एक गोष्ट मी पहिल्यापासून बरोबर केली.

चिमणी खोलीतच खिडकीपर्यंत ८ फूट उभी नेली. खोलीतला भाग उबदार राहतो आणि ओढ चांगली लागते. खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पत्रा, पाइप आणि लाकडी चौकट यात चहूबाजूंनी सहा इंच अंतर. या टोकाला धूर फारसा गरम नसतो, तरी लाकडाच्या चौकटीशी खेळ नको.

बाहेरचा भाग मात्र अजून जुन्याच उंचीला थांबवलाय, पत्रेवाल्याकडे शिडी नव्हती. पेटवून पाहिलं. वारा नसताना धूर सरळ बाहेर. संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि पुन्हा दोन-तीन भपकारे घरात. तानसेन समारोहाला जायचं होतं, मावशीनं पास आणले होते, ती बिचारी दारात उभी आणि माझ्या केसांना धुराचा वास. गेले तशीच.

२२ डिसेंबर

चिमणी ८ फूट वाढवली. आता टोक कठड्याच्या ३ फूट वर. वर पत्र्याची टोपी. दोन ठिकाणी तारेचा ताण, नाहीतर धुळीच्या वावटळीत गच्चीवरून पाइप रस्त्यावर.

आणि ओढ लागली. काय सांगू. काडी लावली की ज्वाळा आडवी होऊन आत पळते, तोंडाशी हात धरला तर हवा आत खेचल्याचं जाणवतं. बाहेर जाऊन पाहिलं तर सुरुवातीची पाच मिनिटं सोडली तर चिमणीतून धूर जवळजवळ दिसत नाही. नुसती थरथरती हवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दाट धुक्याच्या दिवशी थंड चिमणीत थंड हवेचा गोळा बसलेला असतो. आधी चिमणीच्या पायाशी असलेल्या टीचं झाकण उघडून एक वर्तमानपत्राचा बोळा पेटवून आत सारायचा, झाकण लावायचं, मग शेगडी पेटवायची. हे विसरलं की पहिला भपकारा तोंडावर.

आनंद रात्री दहापर्यंत टिकला. तीन तास जाळूनही ओट्याचा वरचा भाग थंडगार. ड्रमजवळ बसवत नाही आणि ओट्यावर बसलं तर दगड. आईनं हात फिरवून पाहिला, म्हणाली, “छान झालाय. उन्हाळ्यात बसेन.”

२५ डिसेंबर

सुट्टी. ओटा उकरला.

आत मी कोरडी वाळू भरली होती. मागच्या वर्षीच्या प्लॅस्टरची, डबरा गावाकडून आलेली सिंध नदीची वाळू अंगणात पडून होती, फुकट म्हणून वापरली. कोरडी वाळू उष्णता पुढे जाऊच देत नाही. कणाकणांत हवा अडकलेली असते. पाइपाला मी नकळत गोधडी गुंडाळली होती. ११ घमेली भरून सगळी बाहेर काढली, कंबर गेली.

आता भरलंय ते असं: वाड्याच्या पडक्या भिंतीचे वालुकाश्माचे तुकडे, एकाला एक घासून बसवलेले, आणि मधल्या फटींत पिवळी माती, गव्हाचा भुसा आणि शेण पायानं तुडवून केलेला गारा. पोकळी म्हणून ठेवायची नाही. दगड पाइपाला थेट टेकला पाहिजे आणि दगडाला दगड. वरून दीड इंची फरशी, ९०० रुपये. माती-भुसा ४५०. दगड जाळाच्या तोंडाशी मात्र लावायचा नाही. ओल धरलेला दगड एकदम तापला तर कवच उडतं. ओट्यापर्यंत पोचलेला धूर तेवढा गरम नसतो, तिथे चालतो.

तुडवायला शेजारच्या काकू आल्या. वड्यांचं प्रकरण मिटलं. त्यांना गारा कसा हवा हे माझ्यापेक्षा बरंच जास्त कळतं. मी पाणी जास्त घातलं होतं.

२ जानेवारी

ओटा ओला. रोज संध्याकाळी जाळतेय, तर खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळतं. ओट्याच्या कडेला पांढरी बुरशी आली. भुश्यातून दोन गव्हाचे कोंबही आलेत. बहुतेक उष्णता पाणी उडवण्यातच जाते. हे काम ऑक्टोबरात, उन्हात करायचं होतं. ज्यांना करायचं आहे त्यांनी गणपती उठले की माती कालवावी.

५ जानेवारी

थंडीमुळे शाळांना सुट्टी जाहीर. पहाटे बाहेर ५ अंश, धुकं इतकं की समोरचा पिंपळ दिसत नाही. ओटा रात्री ३१ अंशांपर्यंत गेला. ताप मोजायची कोविडच्या वेळची बंदूक वापरते. फार गरम असलं की ती नुसतं ‘हाय’ दाखवते, ड्रमवर धरली तर आकडाच देत नाही. ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला तर नाचत नाचत उडून जातो, तेवढं पुरे.

ड्रमपासून लाकडी दिवाण तीन फूट सरकवलाय. पडदा काढून टाकला.

७ जानेवारी, रात्री

हात अजून थरथरतायत, पण आत्ताच लिहिते.

चिमणीत एक झडप बसवली होती, जाळ संपल्यावर बंद करायची, म्हणजे ओट्यातली ऊब वर पळून जाणार नाही. पावणेदहाला ज्वाळा विझल्या, लाल निखारे होते. मला वाटलं झालं, झडप बंद केली, आईला रजई दिली, तिच्या उशाशी वाचत बसले. डोकं जरा जड वाटत होतं. दिवसभराच्या धावपळीचं वाटलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. आकडा १३४. आईला उठवून अंगणात, सगळी दारं-खिडक्या सताड, झडप उघडली. अर्ध्या तासानं आकडा शून्यावर. आईला काही नाही, देवाची कृपा आणि १,८५० रुपयांच्या डबीची. हा अलार्म मी नोव्हेंबरात नाइलाजानं मागवला होता, खर्चात काटछाट करताना दोनदा त्याच्यावर काट मारून पुन्हा लिहिला होता.

निखाऱ्याला धूर नसतो, वास नसतो, म्हणून माणूस फसतो. ज्वाळेपेक्षा निखारा या बाबतीत वाईट. माझ्या चिमणीनं ओढ लावली होती आणि मी तिचा गळा दाबला.

झडप उद्या काढून टाकणार. भोक वेल्डरकडून बंद. काटकसर गेली खड्ड्यात. खिडकीची खालची फळी दोन इंच कायम उघडी राहील, तिला मी खिळाच मारलाय, म्हणजे कोणी प्रेमानं लावून घेणार नाही. अलार्म शेगडीच्या डोक्यावर लावला होता, तो आईच्या उशाच्या उंचीला आणला.

“एवढं करून रात्री दार उघडंच ना,” आई म्हणाली. तिला अजून नेमकं काय झालं ते सांगितलेलं नाही. दादालाही नाही.

८ जानेवारी

झडप काढली. वेल्डर ६०० रुपये, ड्रम कापल्याचे धरून.

१२ जानेवारी

लाकूड. टालेवर विलायती बाभूळ ९ रुपये किलो. चंबळच्या बीहडांत, म्हणजे मातीच्या घळींत, माती धरून राहावी म्हणून १९८० च्या दशकात विमानानं तिचं बी टाकलं होतं. आता ती इतकी माजलीय की या भागात जळणाला तीच. जळते उत्तम, काटे मात्र चपलेतून पायात येतात. बंबफोड करून मागितली तर टालवाला किलोला एक रुपया जास्त घेतो. द्यावा. माझी कुऱ्हाड एकदा निसटून फरशीवर आपटली, त्यानंतर मी देते.

‘सूखी है’ या शब्दाला टालेवर काही अर्थ नाही. एक किलोचा तुकडा तोलून चार दिवस ड्रमशेजारी ठेवला, ७२० ग्रॅम भरला. म्हणजे किलोमागे २८० ग्रॅम पाणी मी ९ रुपयांच्या भावानं घेत होते आणि वर लाकूड जाळून तेच पाणी उकळत होते. आता दोन आठवड्यांचं लाकूड आधीच आणून जिन्याखाली रचते.

सुताराकडचे तुकडे फुकट मिळतात. सागवान, शिसव चालतं. प्लाय, सनमायका, पॉलिश केलेलं काहीही नाही, त्यातल्या गोंदाचा धूर विषारी. सुताराला हे पटत नाही, पोत्यात प्लाय घालतोच. वेचून परत देते.

खर्चाचा खरा हिशेब: संध्याकाळी ६ किलो, फोडायचे धरून ६० रुपये. हीटर तीन तास लावला तर ६ युनिट, म्हणजे पन्नासच्या आसपास. विकतच्या लाकडावर एक पैसा वाचत नाही. जो कोणी सांगेल की वाचतो, त्याच्या शेतात झाडं असतील. फरक इतकाच की हीटर बंद केला की पाचव्या मिनिटाला खोली होती तशी आणि लाइट गेली तर तेही नाही. काल रात्री दोन तास लाइट नव्हती, आम्हाला ती गेल्याचं उशिरा कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. ओटा वाळला. कडेची बुरशी आपोआप झडली, ब्रश मारला.

रात्री साडेसातला पेटवलं, साडेदहाला संपलं. दहा वाजता ओट्याचा वरचा भाग ३९, सकाळी सहाला २६. खोलीची हवा मात्र ११ वरून १५ वर, एवढीच. पाहुण्यांनी आत येऊन “काही गरम नाही हो” म्हटलं. मग ओट्यावर बसले आणि तिळगूळ संपला तरी उठेनात. सहा माणसं एका रांगेत, बसच्या सीटवर बसल्यासारखी.

पहाटे आईच्या पायात मोजे नव्हते.

१९ जानेवारी

ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेलो. १९०५ पासून भरतोय हा मेळा, आईला माहेरपणापासून तिथला पापड खायचा असतो. भांड्यांच्या रांगेत बिडाचा जाड, सपाट तवा मिळाला, ४२० ला. तो लाकडाच्या तोंडावर झाकण म्हणून बरोबर बसतो. निखारा पूर्ण राख झाल्यावर, सहसा सकाळी उठून, झाकायचा. चिमणी उघडीच राहते, पण खालून हवा खेचली जात नाही, त्यामुळे ओटा दुपारपर्यंत कोमट. झडपेनं जे साधायचं होतं त्यातलं अर्धं साधलं, धोक्याशिवाय. लाल ठिणगी दिसत असताना तवा ठेवायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना तीनदा सांगितलंय.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि टीची झाकणं उघडली. ओट्यातल्या वळणावर दोन ओंजळी हलकी करडी राख, चिमणीच्या पायाशी एक ओंजळ. डांबरासारखं चिकट काही नाही, म्हणजे जाळ नीट होतोय. डिसेंबरातल्या ओल्या लाकडाच्या दिवसांत असतं तर दिसलं असतं, पण तेव्हा मी उघडून पाहिलं नव्हतं.

बोगद्याच्या छताच्या एका विटेला केसाएवढी भेग. चालेल. ड्रमच्या बुडाशी मातीचा सांधा तीनदा लिंपला, दर आठवड्याला फाटतो. लोखंड फुगतं, माती फुगत नाही. आता तिथे काचेच्या धाग्याची दोरी घालून बघायची आहे, ती इथे मिळाली नाही.

एकूण खर्च १६,१६८ रुपये. त्यातले ४ इंची पाइपाचे १,१५०, जस्ताच्या तुकड्याचे ३५० आणि मिस्त्रीच्या दुसऱ्या दिवसाचे १,३०० असे २,८०० सरळ पाण्यात. अकरा आठवडे लागले. डोकं ठिकाणावर ठेवून केलं असतं तर चार आणि माती वाळायचे तीन.

मार्चमध्ये चिमणीची टोपी काढून तोंडाला जाळी बांधायची, नाहीतर कबुतरं घरटं करतील. ड्रमवर पुन्हा तेलाचा हात.

आणि ओटा दोन फूट रुंद केला तो बसायच्या हिशेबानं. आई आता रात्रीही तिथेच झोपते, गादी टाकून, आणि तिला कूस बदलता येत नाही. भिंतीकडून सरकवायला जागा नाही. पुढच्या बाजूनं आठ इंच वाढवावा लागेल, म्हणजे फरशी उचलणं आलं, म्हणजे पुन्हा गारा. काकूंना विचारून ठेवलंय, गणपतीनंतर.